सुरगाठ आणि निरगाठ

आम्ही डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावी राहायला आलो तेव्हा तिथल्या लोकांची एक ठाम समजूत होती, की अमेरिकेबाहेर जन्मलेल्या प्रत्येक माणसाला सॉकर येतं. माझे बाबा सांगलीचे. शाळेत खो-खो खेळलेले, कॉलेजात कॅरम, आणि फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की एकदा मैदानाच्या कडेने सायकलवरून जाताना बॉल त्यांच्या डोक्याला लागला होता. पण माझ्या धाकट्या भावाचं, हेमूचं नाव टीममध्ये घालायला ते गेले, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी आम्ही कुठून आलो ते विचारलं आणि आनंदाने म्हणाल्या, की वा, मग आमची कोचची अडचण सुटली. बाबांना समोरच्याला नाही म्हणता येत नसे. हा भिडस्तपणा आमच्याकडे पिढीजात आहे, कुणाला गुडघेदुखी असते तसा. ते ‘शुअर’ म्हणाले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, की जरा घोटाळा झालाय.

आईने चहा टाकला. आमच्या घरी कुठल्याही घोटाळ्यावर पहिला उपाय तोच. दुसरा उपाय बाबांनी शोधून काढला, तो म्हणजे मी. गावच्या लायब्ररीच्या तळमजल्यावर सॉकरच्या रेफरींसाठी शिकवणी चालायची, फुकट. मला पंधरावं सरून सोळावं लागलं होतं आणि माझं पाठांतर चांगलं होतं. तेव्हा मी तिथे जाऊन सगळे नियम शिकायचे आणि घरी येऊन बाबांना शिकवायचे, म्हणजे कोचची अब्रू राहील, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळी मुलींना विचारायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी ‘शुअर’च म्हटलं असतं. पिढीजात म्हटलं ना.

शिकवायला मिस्टर साव्हेरियो होते. साठीचे, टक्कल, एक गुडघा कायमचा दुखावलेला, आणि आवाज असा की लायब्ररीतल्या बाई वरून खाली येऊन ‘शूऽऽ’ करून जायच्या. इटलीत ते रेफरी होते. अगदी वरच्या दर्जाचे नव्हेत, पण ज्यांच्या सामन्याला गाव लोटतं असे. पुढे ते मेहुण्याच्या मागोमाग डेट्रॉइटकडे आले, त्याच्या फरशांच्या दुकानात उभे राहू लागले, आणि संध्याकाळी गावच्या केबल चॅनेलवर सामन्यांची कॉमेंट्री करू लागले. चॅनेल म्हणजे एक कॅमेरा, तो चालवणारा एक निवृत्त प्लंबर, आणि मैदानाच्या कडेला एक शिडी. शिडीच्या वरच्या पायरीवर माइक घेऊन मिस्टर साव्हेरियो बसत. आई त्यांना रेफरीसाहेब म्हणायची. ते एकदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा तिने केलेली भरली वांगी त्यांनी तीनदा मागून घेतली, आणि चौथ्यांदा आईने न विचारताच वाढली, तेव्हापासून तिच्या लेखी त्या माणसात काही खोट नव्हती.

पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला नियम नाही, स्वतःची फजिती सांगितली. दर वर्षी म्हणे ते तीच सांगत. इटलीतल्या एका डोंगराळ गावी सामना होता. बॉल जाळीत गेला, गावाने एकच आरोळी ठोकली, त्यांनी गोल दिला. गोलकीपर मात्र बॉलकडे न बघता कमरेवर हात ठेवून जाळीच्या बाजूकडे बघत उभा होता. ते त्यांना दिसलं. पण लोक ओरडत होते, घाई झाली, त्यांनी मध्यावरून खेळ पुन्हा सुरू केला. आणि मग दिसलं, की बाजूची जाळी फाटलेली आहे आणि बॉल बाहेरून आत आलाय. नियम असा, की खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरी आपला निर्णय फिरवू शकतो. एकदा सुरू झाला की संपलं. त्यांनी सामन्यानंतर जे घडलं ते खरं खरं कळवलं, आणि त्यानंतर त्यांना लहान लहान गावांचे सामने मिळत गेले. हे सांगताना त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. बोट वर करून एवढंच म्हणाले, “गोल झाला की गोल मारणाऱ्याकडे बघू नका, तो काय, नाचणारच. गोलकीपरचा चेहरा बघा. हरलेला गोलकीपर बॉलकडे बघतो.” मी ते घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, हे परीक्षेत विचारणार नाहीत, पुढचं सांग.

मी परीक्षा पास झाले आणि रेफरी झाले. काळा शर्ट मिळाला, तो मला गुडघ्यापर्यंत यायचा. शिट्टीचा सराव मी आमच्या तळघरात करायची, कारण मिस्टर साव्हेरियोंचं म्हणणं होतं, की शिट्टीला सूर असतो. साध्या फाउलला आखूड, मोठ्या फाउलला लांब, आणि गोलला जराशी वर जाणारी. त्याच वेळी वर स्वयंपाकघरात कुकर लावलेला असायचा. खालून माझ्या दोन आणि वरून कुकरची एक अशा तीन झाल्या की आई शेगडी बंद करायची, आणि त्या वर्षी आम्ही बराच कच्चा भात खाल्ला. शेवटी तिने मला बजावलं, की भात होईपर्यंत कुणी कुणाला कितीही पाडलं तरी तू शिट्टी वाजवायची नाहीस.

शनिवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही चौघंही मैदानावर जायचो. मध्यंतराला मुलांना संत्र्याच्या फोडी द्यायची तिथे रीत होती, आणि आयांच्या पाळ्या लागायच्या. आईची पहिली पाळी आली तेव्हा तिने फोडींवर काळं मीठ आणि किंचित तिखट भुरभुरलं, कारण नुसतं संत्रं कसं द्यायचं कुणाच्या हातात. गोऱ्या मुलांनी आधी तोंडं वेडीवाकडी केली, मग डबा चाटून पुसून संपवला, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या आईची पाळी असली की ती नाराज दिसायची. बाबा त्या कडेच्या रेघेवर कागदाचा बोर्ड घेऊन उभे असायचे. ऑफिसात ते गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करायचे, आणि तिथे त्यांचं नाव कुणाला धड म्हणता येत नसल्यामुळे त्याचे तुकडे करून एक तुकडा हाक मारायला ठेवला होता. मैदानावर मात्र मोठमोठे बाप्ये त्यांना ‘कोच’ म्हणायचे, आणि म्हणताना जरा अदबीने म्हणायचे. बाबांची पाठ त्या दोन तासांत वेगळी दिसायची, ताठ. मला ते कळत होतं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मी आता गेली बरीच वर्षं टीव्हीवर बसते. म्हणजे सामना चालू असताना वाद झाला, की मला विचारतात, नियम काय सांगतो. माझ्यासमोर मैदानाच्या सगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं असतात, हवी तेवढी सावकाश फिरवता येतात, आणि कानात एक तरुण पोरगा बोलत असतो, “मॅम, यस ऑर नो?” त्याला मी पुष्कळ छळते. कारण हो किंवा नाही म्हणण्याआधी मी सांगते, की त्या क्षणी रेफरी कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसलं असेल. कुणीतरी एका मुलाखतीत विचारलं होतं, की ही सवय कुठून आली. मी हसून वेळ मारून नेली. ती एका शिडीवरून आली.

त्या मोसमात बाबांची टीम कपच्या उपांत्य फेरीत पोहोचली, कशी ते कुणालाच, अगदी बाबांनाही, कळलं नाही. सामना केबलवर दाखवणार होते. मैदान आमचं, म्हणून जाळ्या लावायचं काम बाबांचं. जाळ्या जुन्या, त्यांच्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीने तडकलेल्या. दुकान उघडायला वेळ होता. बाबांनी गाडीच्या मागच्या सीटखालून आईच्या हिरव्या सुती साडीच्या चिंध्या काढल्या. आमच्याकडे साडी जुनी झाली की तिचं आधी पोळ्यांचं फडकं व्हायचं आणि उरलेल्या चिंध्या परसातल्या टोमॅटोची रोपं बांधायला जायच्या. त्या चिंध्यांनी बाबांनी दोन्ही बाजूंच्या जाळ्या खांबांना बांधल्या. सामना संपल्यावर चिंध्या परत टोमॅटोकडे जायच्या होत्या, म्हणून सुरगाठी मारल्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. एका आईने विचारलं, की हा तुमच्याकडचा काही शुभशकुन आहे का, किती सुंदर. बाबा तिला नाही म्हणू शकले नाहीत.

सामन्याच्या आधी थोडा वेळ असताना कळलं, की ठरलेले रेफरी येत नाहीत, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. मिस्टर साव्हेरियोंचा गुडघा, त्यामुळे ते नाहीत. उरले मी. मी एका कोचची मुलगी आणि एका खेळाडूची बहीण. मिस्टर साव्हेरियोंनी समोरच्या टीमच्या कोचला विचारलं, तो एक उंच, लाल मिशांचा माणूस होता. त्याने माझ्याकडे आणि बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, माझ्या घरी चार मुली आहेत, बापाला सगळ्यात कडक त्याच असतात, मला चालेल. सगळे हसले. बाबाही हसले. मी दोन्हीकडच्या जाळ्या ओढून पाहिल्या, त्या पक्क्या होत्या, आणि शिट्टी वाजवली.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा समोरचे एका गोलने पुढे होते. हेमू उजव्या कडेने पळायचा. मोसमभरात त्याने एकही गोल केलेला नव्हता आणि त्याबद्दल तो काही बोलायचा नाही, ताटातलं चिवडत बसायचा. त्याच्याकडे बॉल आला, त्याने तो तिरपा मारला, आणि बॉल जाळीत होता. शिडीवरून मिस्टर साव्हेरियो “गोऽऽऽल” ओरडले ते पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. मी शिट्टी वाजवली, वर जाणारी, आणि हात मध्याकडे दाखवला. बाबा बोर्ड टाकून रेघेवर उड्या मारत होते. मी बाबांना कधी उडी मारताना पाहिलं नव्हतं. आईने संत्र्याचा डबा छातीशी धरला होता. मग मी गोलकीपरकडे पाहिलं. तो बॉलकडे बघत नव्हता.

मी चालत गोलपर्यंत गेले. खांबापाशी जाळीची खालची बाजू सुटून बाहेर लोंबत होती आणि गवतात हिरवी चिंधी पडली होती. गोलकीपर दर वेळी पाण्याची बाटली घ्यायला तिथूनच हात घालायचा, त्यात टोक ओढलं गेलं असणार. चिंधी मी उचलली. तिच्यावर बारीक पिवळी फुलं होती, ती साडी आई मला लहानपणी शाळेत पोचवायला यायची तेव्हा नेसायची. माझ्या मनात फार लखलखीत विचार आले असं मी सांगणार नाही. मला रडू येत होतं. खेळ अजून सुरू झालेला नव्हता आणि हे सगळं माझ्या हातात होतं, एवढंच समजत होतं. मी वळले आणि हाताने खूण केली, की गोल नाही.

बाबा रेघ ओलांडून आत आले. मी म्हटलं, “कोच, प्लीज स्टेप बॅक.” ते थांबले नाहीत. सगळ्या मैदानासमोर, हात वर करून, त्यांनी घरात ओरडतात तसं ओरडायला सुरुवात केली, मराठीत.

“नंदे, डोळे फुटले का तुझे? आत गेलाय बॉल, सगळ्या जगाने पाहिलाय!”

त्यातलं एक अक्षरही तिथे कुणाला कळलं नाही. मी ते ऐकून घेतलं असतं आणि खेळ सुरू केला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण दुसऱ्या कोणत्याही कोचने हे इंग्रजीत म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं. मी एकदा समज दिली. ते आणखी जवळ आले. मग मी हात करून मैदानाबाहेरची वाट दाखवली.

“कोच, यू हॅव टू लीव्ह द फील्ड.”

ते एकदम थबकले. आमच्या घरात एकच कायदा होता, तो त्यांनीच केलेला, की आई-बाबांशी मराठीत बोलायचं. बाहेर काय वाटेल ते बोला. तो आम्ही कधी मोडला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्याशी इंग्रजीत बोलतेस?” आणि मग, रेघेवर पडलेला बोर्डही न उचलता, पार्किंगकडे चालत गेले. त्यांची पाठ मी शेवटपर्यंत पाहिली नाही, कारण मला सामना संपवायचा होता. आमची टीम हरली. मिस्टर साव्हेरियो लंगडत शिडीवरून उतरले, माझ्यापाशी आले आणि एवढंच विचारलं, “चेहरा पाहिलास?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वायर गुंडाळायला गेले.

घरी आईने मुगाची खिचडी केली, वर तूप, पोह्याचा पापड. आमच्याकडे कुणी आजारी असलं किंवा कुणी मेलं तर खिचडी होते, त्या दिवशी दोन्हीतलं काही नव्हतं. बाबा जेवले, हात धुतले आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. आई मला म्हणाली, की त्यांना वाटतंय तू सगळ्यांसमोर स्वतःचा न्याय मिरवायला बापाला बाहेर काढलंस. मी चिंधीचं सांगायला तोंड उघडलं, पण बाबांची बाजू लंगडी करणारं ते आपणच सांगावं असं मला वाटेना. मला माझा निर्णय बरोबर असल्याची खात्री होती आणि तरी मी दुसऱ्या कुणाच्या घरात राहत असते तर बरं, असं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तेव्हा नवं होतं.

रविवारी दुपारी केबलवर तो सामना लागला. टीव्ही आईने लावला. बाबा पेपर उघडून बसले, पण पान उलटत नव्हते. हेमूने बॉल मारला, मिस्टर साव्हेरियो “गोऽऽऽल” ओरडले, आणि मग चित्रात मी, त्या लांबलचक काळ्या शर्टात, गोलकडे चालत निघालेली. ते वरून बोलत होते, आता हळू आवाजात. ते म्हणाले, “मी गोल म्हणालो. मी इथे शिडीवर बसलोय, कॉफी घेऊन. ती तिथे आहे. थांबू या. मला एकदा थांबता आलं नव्हतं.” प्लंबरने कॅमेरा जवळ नेला. माझ्या हातात हिरवी चिंधी. मग बाबांचा आवाज, शब्द न् शब्द. त्यावर मिस्टर साव्हेरियो म्हणाले, की भाषा मला येत नाही, पण चाल ओळखीची आहे, माझे सासरे हीच चाल म्हणायचे.

आई टीव्हीकडे बघत म्हणाली, “ही माझी हिरवी साडी. सुरगाठ मारली होतीत ना?”

बोलला तो हेमू, गालिच्यावरून, मागे वळून न बघता. “आय न्यू, बाबा. इट वॉज वाइड.” बाबांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस. तो म्हणाला, “यू वेअर सो हॅपी.” बाबांनी पेपर मिटला. पेपर चार घड्यांचा होतो, त्यांनी त्याच्या आठ केल्या आणि तसाच हातात धरून बसले. त्यांचे डोळे भरले होते. आई उठून चहा टाकायला गेली.

तो आठवडा ते माझ्याशी जेवायला ये, दिवा घालव, एवढंच बोलले. कोचला मैदानाबाहेर काढलं की पुढच्या शनिवारी त्याने रेघेपाशी यायचं नसतं. त्या शनिवारी मला दुसऱ्याच दोन टीमचा, अगदी लहान मुलांचा सामना होता, बाबांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी पोचले तेव्हा धुकं होतं. एक माणूस गोलपाशी गुडघ्यांवर बसलेला दिसला, कोट ओला झालेला. त्यांनी दोन्हीकडच्या जाळ्या लावून संपवल्या होत्या. क्लिपा दुकानातून नव्या आणल्या होत्या आणि तरीही प्रत्येक क्लिपेशेजारी एक हिरवी चिंधी बांधली होती, निरगाठ मारून, पुन्हा सोडता येणार नाही अशी. टोमॅटोंना त्या वर्षी सुतळीवर भागवावं लागलं.

मला पाहून ते उठून उभे राहिले आणि दोन पावलं मागे सरले, खांबापासून दूर, दुसऱ्या कुठल्याही कोचने सरावं तसे.

“रेफ,” ते म्हणाले, “वुड यू चेक इट, प्लीज?”

मी खाली वाकले. प्रत्येक गाठ ओढून पाहिली, उगाच हात लावल्यासारखी नाही, खरोखरच जोर लावून, कारण तसं नसतं केलं तर त्यांना कळलं असतं. एकही हलली नाही. मान वर केली तर ते गाठीकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“पक्की आहे, बाबा,” मी म्हटलं.